पिंपाच्या झाकणावर

"विक्रीआधीच्या शेवटच्या आठवड्यात लसूण बंद करायचा, पोरी. नाहीतर मांसाला त्याचाच वास लागतो."

सासूबाई जाऊन बराच काळ लोटला, तरी बदकांचं खाद्य कालवताना त्यांचा आवाज तिच्या कानात असायचाच. ओवा, पुदिना, हळद शेवटपर्यंत चालायची. त्यानं मांसाचा उग्र दर्प जायचा, चरबी बेतात राहायची. लसूण मात्र वेळेवर थांबवायचा.

मागचं खुराडं ती सांभाळायची, पुढचं दिराकडे होतं. चांगलं आहे ना, मग जास्त घातलं की आणखी चांगलं, असं त्याचं डोकं चाललं आणि विक्रीच्या तोंडावर त्यानं मुठी भरभरून लसूण ओतला. खानावळीच्या आचाऱ्यानं सगळा माल परत धाडला. वर फोनवर म्हणाला, "अहो, फोडणी मी देतो. बदकानं आतून देऊन यायची गरज नाही!"

चूक कबूल करील तर तो दीर कसला! "तुमचा पाला बास झाला, वहिनी," तो म्हणाला. "उद्यापासून कारखान्याची पावडर."

दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात आला तो नेमका तिच्या मौनाच्या वेळी. सकाळची प्रार्थना पुरी होईस्तोवर ती तोंडातून शब्द काढत नसे, आणि हे दिराला पक्कं ठाऊक होतं.

टेम्पोवाल्यानं पोतं खांद्यावर घेतलं. "ओतायचं कुठं?"

ती उठली, खाद्याच्या खोलीत गेली आणि पिंपाच्या झाकणावर मांडी घालून बसली. डोळे मिटले.

"वहिनी, सरका बरं."

तिचे ओठ हलत होते, पण ते देवासाठी.

"वहिनी, माणूस ताटकळलाय!"

"मी काही त्यांना हाताला धरून उठवणार नाही," टेम्पोवाला म्हणाला. "त्यात देवाचं चाललंय. तुमच्या घरचं तुम्ही बघा." पोतं खाली टाकून तो त्यावरच बसला.

तिनं सावकाश प्रार्थना पुरी केली, एक ओळ गाळली नाही. मग डोळे उघडले.

"भाऊजी, पोतं परत जाऊ दे."

"मांसाचा तुकडा कधी तोंडात घातला नाहीत. नेम म्हणे! आणि चव आम्हाला शिकवणार?"

"नाही चाखलं. चाखणारही नाही." आवाज नेहमीसारखाच हळू होता. "पण नाक आहे मला. दोष पाल्याचा नव्हता, लसणाच्या मुठींचा होता, आणि त्या मुठी तुमच्या. आजपासून दोन्ही खुराड्यांचं खाद्य मी कालवणार."

"आणि मी काय करू?"

"पाणी बदला. फार घाण करतात बदकं."

टेम्पोवाला खो खो हसला आणि पोतं उचलून चालता झाला.

दिराच्या देखतच तिनं आचाऱ्याला फोन लावला. "मागच्या खुराड्यातलं एक बदक घेऊन येते. लसूण मी वेळेवर थांबवलाय. तुम्ही शिजवा, मी कढईशेजारी उभी राहते. वास आला तर पुन्हा तुमच्या दारात येणार नाही."

"तुम्ही? मांसाच्या कढईपाशी?"

"शब्द दिला तुम्हाला."

मांस तळल्याचा वास आला की ती नाकाला पदर लावून वाट बदलायची. त्या स्वयंपाकघराची पायरी ती आजवर चढली नव्हती. तिनं एक नर निवडला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, टोपलीत ठेवून वर फडकं बांधलं. मग कुणालाही हाक न देता फाटक लोटून ती रस्त्याला लागली.