सुजयशेठच्या बोटीचं गाऱ्हाणं

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. नारळी पुनवेच्या आदल्या दुपारी मिरकरवाड्याच्या जेटीवर सुजयशेठ हरी झाला आणि महिपत गाढव. महिपतला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. सहा वर्षं तो याच बोलावण्याची वाट बघत होता.

सुजयशेठच्या 'आनंदीबाई' बोटीवर महिपत अकरा वर्षं ड्रायव्हर होता, म्हणजे इंजिन सांभाळणारा. सहा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास भर समुद्रात इंजिन तापून बसलं. बोट दीड दिवस भरकटली, शेवटी दुसऱ्या बोटीने ओढून आणली. तापमानाच्या मीटरचा काटा शेवटपर्यंत सत्तरीच्या वर गेलाच नाही, असं महिपत घसा फोडून सांगत राहिला. शेठने याच जेटीवर, शंभर माणसांदेखत उत्तर दिलं, "काटा बघायला डोळे उघडे लागतात. ढोसून झोपला होतास तू!" ज्याने जन्मात ताडीला तोंड लावलं नव्हतं, त्याला हे! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की पुढे संन्याशाच्या घरी चूल पेटते की नाही, ते बघायला कोणी जात नाही. महिपतला एकाही बोटीने कामावर घेतलं नाही. पोरंटोरं 'झोप्या' म्हणून हाका मारू लागली. मग तो वायरिंग शिकला, दिवे, पंप, मीटर दुरुस्त करू लागला आणि 'आनंदीबाई' सोडून सगळ्या बोटींवर चढला. राग मात्र त्याने कलमासारखा जपला, खतपाणी घालून.

आता त्याच बोटीचा तापमानाचा मीटर बिघडला होता. बरीच वर्षं काटा कधी चालायचा, कधी झोपायचा. यंदा पार थंड पडला. शेठने दोन नवे इलेक्ट्रॉनिक मीटर आणून बसवले, तरी तेच. नवा ड्रायव्हर संदेश हट्टाला पेटला. "काटा चालल्याशिवाय मी बोटीवर पाय ठेवणार न्हाय," असं त्याने तोंडावर सांगितलं, आणि हंगाम तर उद्यावर आलेला.

महिपत पिशवी घेऊन इंजिनघरात उतरला. शेठ मागोमाग उतरला, कारण दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे.

"मीटरच खराब निघाला रे हा पण," शेठ म्हणाला.

महिपतने इंजिन चालू करायला लावलं. हात धरवेना इतकं ते तापलं, आणि काटा चाळिशीवर सुस्त. त्याने मीटरमागची सेन्सरची वायर सोडवली आणि मोकळी झालेली पिन एका तारेने अर्थला, म्हणजे इंजिनाच्या लोखंडाला, टेकवली. काटा ताडकन शेवटच्या टोकाला गेला. म्हणजे मीटर धडधाकट होता. मग तीच वायर मीटरला जोडून तिचं दुसरं टोक, सेन्सरकडचं, इंजिनाच्या लोखंडाला लावलं. काटा पुन्हा उडाला. वायरही धड होती. उरला सेन्सर, इंजिनाच्या अंगात पेचाने बसवलेला पितळी बोटाएवढा तुकडा. महिपतने वायर परत सेन्सरला जोडली, एक सुटी तार घेतली, एक टोक सेन्सरच्या पितळेला आणि एक इंजिनाला धरलं. काटा सावकाश चढला आणि ऐंशीवर नीट उभा राहिला. तार काढली की पुन्हा चाळीस.

"सेन्सरला अर्थ मिळत न्हाय," तो म्हणाला. "पेचातनंच मिळायला हवा तो."

इंजिन निवल्यावर त्याने पाना लावून सेन्सर काढला. पेचावर पांढऱ्या टेपचे वेढेच वेढे होते, नळाला गळती लागली की गुंडाळतात तसे. पितळ आणि लोखंड एकमेकांना शिवणार कुठून?

"ही टेप कोणी गुंडाळलीन?"

"मीच की," शेठ फुशारकीने म्हणाला. "पाणी झिरपत होतं तिथनं. मेकॅनिकला कशाला बोलवायचं? घरच्या न्हाणीघराची टेप उरलेली. सहा वर्सं झाली, गणपतीच्या तोंडावर गुंडाळली. नंतर इंजिन नव्यानं बांधलं तेव्हा होता तसाच परत लावायला सांगितला. अजून थेंब न्हाय!"

गणपती आधी, दसरा नंतर. शेठला आपण काय बोललो ते कळलं नाही. संदेशला कळलं, शिडीवर बसलेल्या त्या पोरगेल्या माणसाने महिपतकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

 महिपतच्या हातात पाना होता आणि समोर शेठचं टक्कल होतं. दुसरंही करता आलं असतं: टेप तशीच ठेवायची, ठीक झालं म्हणायचं आणि दसऱ्याची वाट बघायची. पण बोटीवर आठ माणसं जाणार होती आणि त्याला एकच हवा होता. त्याने टेपचा कण न् कण खरवडला, पेच घासून लख्ख केला, गळू नये म्हणून नवी तांब्याची चकती घालून सेन्सर आवळला. इंजिन चालू केल्यावर काटा शहाण्या मुलासारखा ऐंशीवर जाऊन थांबला.

"मजुरी बोल," शेठ म्हणाला.

"मजुरी नको. उद्या नारळ सोडशाल, तेव्हा समिंदराला गाऱ्हाणं मी घालणार. पयलं मीच घालायचो."

"एवढंच? घाल की! दरवर्षी घालणाऱ्या आप्पाचा आवाज तसाही बसलाय." फुकटात सुटल्याच्या आनंदात शेठ हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेटी फुलली होती. बायका नटून आल्या होत्या, बोटींना पताका होत्या. महिपत सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेऊन पुढे उभा राहिला, मागे हात जोडून शेठ, संदेश, खलाशी आणि बघे.

"बा समिंदरा म्हाराजा! ह्या लेकरांनी तुज्यासमोर नारळ ठेवलाय, त्यो गोड मानून घे!"

"होय म्हाराजा!" सगळे गरजले.

"वादळवाऱ्याची इडापिडा टळू दे!"

"होय म्हाराजा!"

"सहा वर्सांमागं ह्या बोटीचं इंजिन जळलं, तवा डायवर जागा होता!"

"होय म्हाराजा!" गाऱ्हाण्यात कोण शब्द तपासतो? शेठनेही सवयीने ओरडून सांगितलं.

"त्यानं थेंबभर दारू घेतली नव्हती!"

"होय म्हाराजा!" आता आवाज निम्मे झाले, माना वळल्या.

"काट्याच्या मुळाशी टेप धन्यान सोताच्या हातान गुंडाळलीन, आनि आळ डायवरावर घेतलान!"

जेटी चिडीचूप झाली. महिपत थांबला. गाऱ्हाण्याला होकार मिळाल्याशिवाय नारळ सुटत नाही आणि नारळ सुटल्याशिवाय बोट हलत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शेठचा चेहरा सुकटीसारखा झाला. त्याने संदेशकडे बघितलं.

"काल तुमीच सांगितलंत, शेठ," संदेश म्हणाला.

"होय म्हाराजा," शेठ पुटपुटला.

"देवाला आयकू न्हाय गेलं."

"होय म्हाराजा!"

सहा वर्षांत महिपतला एवढं गोड काही ऐकू आलं नव्हतं. गर्दीत एक बाई मोठ्याने "अगो बाय!" म्हणाली. त्याने तेही मन लावून ऐकलं.

मग त्याने रीतीप्रमाणे एकेकाचं नाव घेऊन रक्षण मागितलं. बोट हाकणाऱ्या तांडेलाचं घेतलं, संदेशचं घेतलं, आठही जणांचं, बापाच्या नावासकट, सावकाश घेतलं. प्रत्येक नावाला जेटी गरजली. धन्याचं नाव सगळ्यांत शेवटी घेतात. सुजयशेठ डोळे मिटून, हात जोडून आपल्या नावाची वाट बघत होता.

महिपतने नारळ पाण्यात सोडला.