हेडलाइट घालवणारी सून

एकतीस वर्षं बस हाकली मी. त्यामुळे सून कारखान्याची मिनीबस चालवायला लागली, तेव्हा तिच्या शेजारची सीट मी कुणाला न विचारता बळकावली. मागे सकाळच्या पाळीच्या अकरा बायका. "आज सासरे कितीत पास करतात बघू," असं म्हणून रोज खिदळायच्या. मीही काही कमी नव्हतो. ब्रेक, गिअर, आरसा, सगळ्यात नाक खुपसायचो.

चौथ्या दिवशी दाट धुकं पडलं आणि नेमकं पुढचं चाक पंक्चर झालं. आमच्या बाजूला रस्त्याला लागूनच खोल चर. म्हणून सुनेनं पलीकडची मोकळी जागा हेरली आणि गाडी तिकडे कडेला नेऊन उभी केली. आता आमचं तोंड समोरून येणाऱ्या गाड्यांकडे. बायकांना तिनं उतरवून रस्त्यापासून लांब, त्या मोकळ्या जागेत पाठवलं आणि लगेच हेडलाइट घालवले!

माझं डोकंच फिरलं. "अगं, धुक्यात दिवे घालवतेस? कुणीतरी येऊन ठोकेल! लाव आधी!"

"नाही, बाबा." तिनं फक्त पार्किंगचे बारीक दिवे ठेवले आणि चारही इंडिकेटर लुकलुकते केले. "हेडलाइट दिसले की समोरच्याला वाटणार, आपली गाडी नेहमीसारखी तिच्या डाव्या बाजूनं पळतेय. आपल्याला टाळायला तो आणखी त्याच्या कडेला, म्हणजे इकडेच घेणार. आणि कडेला कोण उभंय?"

मी वळून पाहिलं. अकराही जणी डबे सांभाळत उभ्या होत्या.

तरी माझा हात बटणाकडे गेलाच. खोड काही जात नाही. तिनं माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. सासऱ्याचं!

तेवढ्यात धुक्यातून ट्रकची घरघर आली. ट्रक मंदावला, आम्हाला वळसा घालून रस्त्याच्या मध्यावरून पुढे गेला आणि थांबला. ड्रायव्हर धावतच आला.

"दिवे लुकलुकताना दिसले म्हणून कळलं, गाडी उभी आहे. नाहीतर मी ट्रक तिकडून काढला असता." त्यानं बायकांकडे बोट केलं. मग मला ओळखून हसला. "तुम्हीच शिकवलंत ना हिला, उस्ताद?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "मी हेडलाइट लाव म्हणून ओरडत होतो. माझ्या सुनेनं माझं ऐकलं नाही, म्हणून या अकराजणी जिवंत आहेत."