चाळीसला एक कमी

“त्या मेल्या कातड्याला माझं खायचं तेल चोळू नका,” एल्याकीमची बायको अम्मिया चुलीपाशी बसूनच ओरडली. “दिव्याचं घ्या. नाहीतर कोरडाच राहू दे.”

एल्याकीमने मुकाट्याने बुधली खाली ठेवली आणि दिव्याच्या तेलात बोटं बुडवली. मांडीवरचा पट्टा वासराच्या कातड्याचा, दुहेरी शिवलेला. खुंटीवर लटकून लटकून तो इतका वाळला होता की वाकायला तयार नव्हता. शेवटचा तो उतरला होता एका तेल्यासाठी. त्याने खोटी शपथ घेतली होती. तेल्याने फटके खाल्ले, चार दिवस पालथा झोपला आणि पाचव्या दिवशी शब्बाथला, विसाव्याच्या दिवशी, सगळ्यांच्या पुढे येऊन असा काही ऐटीत बसला, जणू फटके दुसऱ्याच कोणाला पडले होते. कोणी हू की चू केलं नाही. एकदा फटके खाल्ले की माणूस पुन्हा भाऊ, अशी रीतच आहे.

सार्दीस शहरातल्या यहुद्यांच्या सभास्थानात एल्याकीम सेवक होता. दिवे लावायचे, शुक्रवारी दिवस मावळताना गच्चीवर जाऊन शिंग फुंकायचं, शास्त्राची गुंडाळी कपाटातून काढून वाचणाऱ्याच्या हाती द्यायची, पोरांना अक्षरं शिकवायची, आणि वेळ आलीच तर पंचांच्या हुकमाने फटके मारायचे. या शेवटच्या कामाला मुद्दाम अंगाने किडकिडीत आणि डोक्याने शहाणा माणूस नेमायचा असं जुने लोक सांगून गेले होते. अंगाच्या बाबतीत एल्याकीम अगदी नमुनेदार होता. डोक्याबद्दल अम्मियाला तेवढी खात्री नव्हती.

“ज्याला अक्षरं शिकवलीत त्याला उद्या मारणार,” ती म्हणाली. “शहाणेच आहात.”

एल्याकीम पट्टा चोळत राहिला.

तो म्हणजे ओनियास, एल्याकीमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण तापाने गेली तेव्हा पोर एवढंसं होतं. अम्मियाला मूल झालं नाही, तिने त्यालाच पोटाशी धरलं. मोठा झाल्यावर तो सणासाठी यरुशलेमला गेला तो कित्येक वर्षं फिरकलाच नाही, आणि आला तो निराळाच होऊन. गालीलातल्या कुठल्याशा गुरूला रोमनांनी खांबावर खिळून मारलं, देवाने त्याला उठवलं, तोच आपला अभिषिक्त, तोच राजा, असं तो सभास्थानात उभा राहून सांगू लागला. एवढ्यावर थांबता तर लोकांनी वाद घातला असता, घरी जाऊन जेवले असते. आपल्या लोकांना वाद नवा नाही. पण ओनियास विणकर आळीतल्या ग्रीकांना म्हणाला, सुंता नको, काही नको, तसेच आपल्यात या. आणि त्यांच्या ताटात जेवला. पुढच्या शब्बाथला सभास्थानात एवढी जुंपली की एक बाक मोडलं.

बाक दुरुस्त झालं असतं. पण आळीतला शब्द चावडीपर्यंत गेला आणि शहराचा कारभारी दारात येऊन उभा राहिला.

“सुभेदार न्यायनिवाड्याला येतायत,” त्याने पंचांना सांगितलं. “आणि इथं कोणीतरी रोमचा कैसर सोडून दुसऱ्याच राजाचं नाव घेतंय. मला एवढंच सांगा, तो माणूस तुमचा का? तुमचा असेल तर तुमचं तुम्ही निस्तरा, तशी परवानगी आहे तुम्हाला. नसेल तर आमच्या हवाली करा. गुरुवारी माणूस पाठवतो.”

कारभारी वळला आणि पंचांत दोन तट पडले. युस्तोस रंगारी, ज्याचे हात कोपरापर्यंत कायम जांभळे असत, ताडकन म्हणाला, “आमचा नाही म्हणून सांगा. असल्याच भांडणापायी रोममधून माझ्या भावाला बायकोपोरांसकट हाकललं. घर गेलं, हौद गेले. एकासाठी सगळी आळी उठवायची का?”

युस्तोस दुष्ट नव्हता. भावाची पोरं त्याच्याच घरी जेवत होती.

पंचांचा मुख्य अलेक्सास, म्हातारा, बोलायला सावकाश. तो म्हणाला, “आमचा नाही म्हटलं तर त्याला सुभेदाराकडून वेताच्या जुड्या बसतील, आणि मग काय होईल ते मी बोलत नाही. त्याने फटके घ्यावेत, मग मी सांगेन आमचा म्हणून. पण स्वतःच्या पायाने आला पाहिजे. नाही आला तर माझाही इलाज नाही.”

तर असं होतं. भाचा आला तर मामाने त्याला मारायचं. नाही आला तर भाचा कोणाचाच नाही.

पट्टा खुंटीला परत लावून एल्याकीम विणकर आळीत गेला. निकान्द्रोस नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याकडे ओनियास उतरला होता. निकान्द्रोस ग्रीक, पण पूर्वी शब्बाथला मागच्या बाकावर येऊन बसायचा, ऐकायचा. अंगणात गाडी जुंपून तयार होती. खेचरं कान हलवत उभी होती.

“एल्याकीमभाऊ, बरं झालं आलात,” निकान्द्रोस म्हणाला. “आता तुम्हीच सांगा याला. स्मुर्नाच्या बंदरात माझं गलबत आहे. कशाला जाऊन मार खायचा? आमच्यात असं नसतं बुवा. माणूस नको झाला की हाकलून देतात. बांधून मारायचं आणि वर परत शेजारी बसवायचं, हे काय?”

“नको असता तर मारला नसता,” एल्याकीम म्हणाला.

ओनियास पायरीवर बसून वहाणेचा बंद आवळत होता. गाडीसाठी की आणखी कशासाठी, हे एल्याकीमला कळेना.

“मामा, पट्ट्याला तेल लावलंस?”

“लावलं. दिव्याचं. मामीने खायचं दिलं नाही.”

ओनियास हसला. हसताना तो थेट त्याच्या आईसारखा दिसायचा. एल्याकीमला म्हणायचं होतं, ये. त्याला म्हणायचं होतं, जा बाबा, गाडीत बस. दोन्ही शब्द तोंडाशी आले आणि एकमेकांना आडवे झाले.

“जेवलास का?” तो म्हणाला.

“जेवलो. मामी काय म्हणते?”

“काय म्हणणार? मला मूर्ख म्हणते.”

“ते जुनंच आहे,” ओनियास म्हणाला. पण येतो म्हणाला नाही, जातोही म्हणाला नाही.

त्या दिवशी एल्याकीमला एका जागी बसवेना. त्याने भरलेले दिवे पुन्हा भरले, झाडलेलं सभास्थान झाडलं. प्रार्थनेला उभा राहिला, तर देवापाशी मागायचं काय हेच ठरेना. पोर यावं म्हणून मागावं तर मारणारा हात आपला. येऊ नये म्हणून मागावं तर पोर गेलं. शेवटी तो नुसताच उभा राहिला आणि देवालाच काय ते समजून घे म्हणाला.

गुरुवारी पंच बसले. कारभाऱ्याचा माणूस उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून अंजीर खात होता. बराच वेळ कोणी आलं नाही. युस्तोसने दाराकडे पाहिलं, मग अलेक्सासकडे पाहिलं आणि उठायला लागला. तेवढ्यात ओनियास आला. एकटाच. वहाणा दाराशी नीट जोडून ठेवल्या, लहानपणी एल्याकीमने लावलेल्या शिस्तीनेच.

“कोण तू?” अलेक्सासने रीतीप्रमाणे विचारलं.

“ओनियास. इथलाच.”

“जे बोललास ते मागे घेतोस?”

“नाही. ते खरं आहे. पण फटके घेतो.”

त्याचे हात खांबाच्या दोन्ही बाजूंनी बांधले. एल्याकीम मागच्या दगडावर चढला. एक जण नियमशास्त्रातल्या ओळी वाचू लागला, दुसरा मोजायला उभा राहिला. नियम चाळीसचा, पण मोजण्यात चूक होऊन एखादा जास्त पडू नये म्हणून चाळीसला एक कमी. इतका विचार करणारे जुने लोक, पण मारणारा मामा असला तर काय करावं ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

एल्याकीमने हात उचलला. पट्टा पाठीवर पडला, पण पडल्यासारखा. दुसराही तसाच. तिसरा. चौथा.

“थांबा!” युस्तोस उठून उभा राहिला. “हे फटके की धूळ झटकणं? एका हाताने, अंगातल्या सगळ्या जोराने, असा नियम आहे. हे धरायचे नाहीत. आणि हे धरले नाहीत तर तो आमचा झाला नाही. मी दारातल्या त्या माणसाला सरळ सांगेन.”

दारातला माणूस अंजीर चघळायचा थांबला.

अलेक्सासने मान खाली घातली. “युस्तोस नियमाचं बोलतोय, एल्याकीम.”

मायेने आपण पोराला बाहेर ढकलत होतो हे एल्याकीमच्या आता लक्षात आलं. ओनियासने खांबाला टेकवलेलं डोकं जरा वळवलं.

“मामा,” तो हळूच म्हणाला, “नीट मार. मला इथलाच राहू दे.”

मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

त्या किडकिडीत माणसाने आयुष्यात कधी कशाला लावला नसेल तेवढा जोर लावला. प्रत्येक फटक्याला त्याच्याच तोंडून आवाज निघत होता, ओनियासच्या नाही. अर्ध्यावर खांद्यात काहीतरी तुटलं, कळ डोक्यात गेली. हात बदलता येत नव्हता. तो डोळ्यांतलं पाणी न पुसता मारत राहिला. शेवटचा आकडा पडला तेव्हा पट्टा त्याच्या हातून आपोआप गळला.

अलेक्सास उंबऱ्यापर्यंत चालत गेला. “आमचा आहे,” त्याने बाहेरच्या माणसाला सांगितलं. “आमचं आम्ही केलं.”

माणसाने खांदे उडवले आणि निघून गेला. एल्याकीमने डाव्या हाताने गाठी सोडल्या. त्याला वेळ लागला, पण कोणी मध्ये आलं नाही. अम्मिया बाहेर बायकांच्या बाजूला उभी होती. ती आत आली, पदराखालची बुधली काढली, आणि ओनियासची पाठ भिजवायला लागली. ते खायचं तेल होतं, सगळ्यांत चांगलं, सणासाठी राखलेलं.

पाठ भरून आल्यावर ओनियास निघाला. अम्मियाने जवाची भाकरी आणि खारवलेले मासे बांधून दिले, वर शिव्याही दिल्या.

“पुढच्या गावातही आधी सभास्थानातच जाणार?” एल्याकीमने विचारलं.

“मग आणखी कुठे जाऊ, मामा?”

द्राक्षं उतरून झाल्यावर एकदा निकान्द्रोस आला. दाराशीच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. नदीपलीकडच्या कुठल्याशा गावातून आला होता. तिथेही अधिकाऱ्याने तेच विचारलं होतं, हा तुमचा का? तिथले यहुदी थोडे, घाबरलेले. नाही म्हणाले. मग सुभेदाराच्या शिपायांनी वेताच्या जुड्या काढल्या. ओनियास त्यातून उठला नाही.

अम्मियाने चूल विझवली.

“किती?” एल्याकीमने विचारलं. त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

निकान्द्रोसने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. “तिकडे मोजत नाहीत, एल्याकीमभाऊ.”

त्या शब्बाथला सभास्थान भरलं होतं. एफेससहून कोणी नवा व्यापारी आला होता. जागा शोधत तो दुरुस्त केलेल्या बाकापाशी आला, टोकाला रिकामी जागा दिसली, बसायला वाकला. ओनियास तिथे बसायचा. एल्याकीम कपाटापाशी उभा होता. तो तोंड उघडणार तेवढ्यात युस्तोसने आपला जांभळा हात त्या जागेवर ठेवला.

“इथं नको, पाहुणे,” तो म्हणाला. “आमचा माणूस बसतो इथं.”

पाहुणा पुढे सरकला. एल्याकीमने कपाट उघडलं. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून त्याने गुंडाळी डाव्या हातावर घेतली.