आयशीची भाकरी

पिल्लू गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भावेशचा फोन आला. तो तुळशीदासने घेतला, कारण भावेश त्याचा सख्खा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा. पलीकडचं बोलणं प्रतिभाला स्वयंपाकघरात ऐकू येत नव्हतं, पण नवऱ्याच्या नुसत्या ‘बरं, बरं’वरून तिने ओळखलं. दुसरं पिल्लू देतो म्हणत असणार.

तसंच होतं. त्याच जातीचं, त्याच रंगाचं, पैसे न घेता. मामाच्या घरी गेलेलं पिल्लू मरावं याचं भावेशला खरंच वाईट वाटलं होतं.

“घेऊन टाकू,” तुळशीदास म्हणाला. “आईला बरं वाटेल.”

प्रतिभा तेव्हा फरशीवर ब्लीचिंग पावडरचं पाणी पसरत होती. आदल्या दिवशीही तिने तेच केलं होतं. जव्हारच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती जीवशास्त्र शिकवायची. कुत्र्यांच्या पार्वो रोगाचा विषाणू फरशीच्या भेगांत, पायपुसण्यात, अंगणातल्या मातीत महिनोन्महिने टिकतो, आणि लस न टोचलेलं दुसरं पिल्लू या घरात आणणं म्हणजे त्यालाही त्याच वाटेने धाडणं आहे, हे तिने नवऱ्याला समजावून सांगितलं. तुळशीदास तहसील कचेरीत कारकून होता. सगळं नीट ऐकून घ्यायची त्याला सवय होती. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, मग पडवीत ठेवू.

हल्ली एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली की प्रतिभाला बसावंसं वाटायचं.

पिल्लू आणायची कल्पना मुळात तिचीच होती. सासरे गेल्यावर सासूबाई, गोदी, साखरशेतला एकट्याच राहत होत्या. एकदा न्हाणीत पडल्या आणि शेजारची बाई विस्तव मागायला आली तेव्हा कुठे ते कोणाला कळलं. मग तुळशीदासने त्यांना जव्हारला आणलं. इथे त्यांना काही कमी नव्हतं, आणि त्यांच्या हातून खाणारंही कोणी नव्हतं. तिकडे कोंबड्या होत्या, शेळी होती, दारात कुत्रं होतं. इथे त्या अर्धी भाकरी खायच्या आणि उरलेली अर्धी हातात धरून दाराशी उभ्या राहायच्या. कोणाला द्यावी ते सुचलं नाही की परत टोपलीत ठेवायच्या. साखरशेतला परत जाते, हे त्या आठवड्यातून एकदा तरी म्हणायच्या. प्रतिभाला भीती होती ती तिथल्या न्हाणीची. म्हणून ती म्हणाली होती, आईंना एक कुत्रं आणू या.

तुळशीदासला लगेच भावेश आठवला. घरचाच माणूस, पोशेऱ्याला लॅब्राडोर पाळतो, पिल्लं विकतो. प्रतिभाच्या मनात बरंच विचारायचं होतं. वय किती, आईला लस दिली आहे का, आई बघायला मिळेल का. दुसऱ्या कोणी सल्ला मागितला असता तर तिने हेच प्रश्न आधी विचारायला लावले असते. पण दुकानदाराला विचारायचं ते भाच्याला विचारलं, तर त्याचा अर्थ भाचा परका, असा होतो. सोयऱ्याच्या दारातली वस्तू कोणी उलटीपालटी करून बघत नाही. त्यातून नणंदेचा मुलगा.

भावेशने पिल्लू जव्हारच्या एसटी स्टँडवर आणून दिलं, बिस्किटांच्या खोक्यात. दोन महिन्यांचं आहे म्हणाला. प्रतिभाने त्याचं तोंड उघडून पाहिलं. दाढा आलेल्याच नव्हत्या. पाच आठवड्यांच्या वर ते असणं शक्य नव्हतं. लहान वाटतंय रे, एवढंच ती म्हणाली. ही जात अशीच असते मामी, असं तो म्हणाला.

सासूबाईंनी जात विचारली नाही. त्यांनी पिल्लू ओटीत घेतलं आणि नातवाला विचारलं, “याची आयस कुठं हाय? तिला कोणी घातलं?”

भावेश हसला. ती घरी आहे, मस्त खाते आजी, असं सांगून त्याने परतीची जीप पकडली.

पुढचं सगळं लवकर झालं. आठवडाही गेला नसेल, पिल्लाला रक्ताचे जुलाब लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि आशा ठेवू नका म्हणाले. सासूबाईंच्या मांडीवर, जुन्या लुगड्याच्या पदरात ते गेलं. त्यांनीच परसात शेवग्याखाली पुरलं, आणि नंतर दिवसभर त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

भावेशच्या फोनचं कळल्यावर मात्र बोलल्या. दुसरं पिल्लू आणायचं तर मी येते. आयशीला घातल्याशिवाय पिल्लू आणायचं नाय.

त्यांच्या घरची ती रीत होती. कोणाची कुत्री व्याली आणि पिल्लू हवं असलं, की नाचणीची भाकरी घेऊन तिच्याकडे जायचं. कुत्री आधी गुरगुरते. भाकरी ठेवून लांब बसायचं. पुन्हा जायचं, थोडं जवळ बसायचं. तिने पिल्लांमध्ये हात घालू दिला की मगच पिल्लू आपलं, आणि तेही ते आपल्या दाताने खायला लागल्यावर. पिल्लू नेल्यावरही जाता-येता तिला भाकरी घालायची, तिचं दूध सुकेपर्यंत. पैशाचा संबंध नव्हता, म्हणून घाईही नव्हती.

प्रतिभाला एवढंच दिसलं की या रीतीने पिल्लू आपोआप दोन महिन्यांचं होतं आणि घेणाऱ्याला आई बघायला मिळते. भाचा असो की भाऊ. लस टोचल्याशिवाय पिल्लू घरात घ्यायचं नाही असं ठरवून ती सासूबाईंना म्हणाली, चला, मी येते बरोबर.

निघायच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयातली सरू तिला भेटली. मुलाच्या वाढदिवसाला पिल्लू घेतेय, म्हणाली, तुमच्याच भाच्याकडून. त्याने सांगितलं, आमच्या सायन्सवाल्या मामींनी आमच्याकडूनच घेतलंय. मग म्हटलं, बघायलाच नको. प्रतिभा म्हणाली, थोडं थांब, मी रविवारी जाऊन येते.

रविवारी तुळशीदासला काहीतरी काम निघालं. ते निघणार हे दोघींनाही ठाऊक होतं. त्या मोखाड्याच्या जीपने निघाल्या आणि पोशेऱ्याला उतरल्या. भात कापून झालं होतं, वरकस जमिनीवर खुरासणीची पिवळी फुलं उरली होती. ऊन ऑक्टोबरचं, डोक्यात जाणारं. सासूबाईंच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या होत्या. प्रतिभाकडे रिकामी टोपली, आत जुनी चादर.

प्रमिलाने, म्हणजे नणंदेने, चहा ठेवला. भावेशने ओटीवर स्वच्छ चादर अंथरून एक पिल्लू आणून ठेवलं होतं. गळ्यात लाल रिबीन. मोबाईलवर त्याच्या स्टेटसला असायचे ते फोटो याच चादरीवर काढलेले असणार, हे प्रतिभाला कळलं.

“आयस?” सासूबाईंनी विचारलं.

भावेशने सांगून पाहिलं. ती झोपली आहे, तिकडे घाण आहे, आजी तू नको येऊस. गिऱ्हाइकाला त्याने असं सांगून सहज परत पाठवलं असतं. पण आईबाप वीटभट्टीवर असताना याच आजीने त्याला लहानाचा मोठा केला होता. ती उठून घरामागे चालूही लागली होती.

मागे जुनी पोल्ट्रीची शेड होती. दारापाशी पोचण्याआधीच प्रतिभाला वास आला. गेल्या आठवड्यात तिच्या घरात होता तोच, रक्ताचा आणि सडल्याचा. ती उंबऱ्यावरच थांबली, आणि पायातल्या चपला इथेच टाकून द्याव्या लागतील असं तिच्या मनात आलं.

आत कोंबड्यांच्याच जाळीचे कप्पे पाडले होते. कप्प्याकप्प्यात एकेक कुत्री. जमीन ओली. भुसा काळा पडलेला. कोपऱ्यातल्या कप्प्यात डायना होती, ज्या पिल्लाला त्यांनी शेवग्याखाली पुरलं त्याची आई. कोपरांवरचे केस झडून कातडी जाड झालेली, सड जमिनीला लागलेले, बरगड्या दिसत होत्या. उरलेली पिल्लं तिच्या पोटाशी होती. त्यांतलं एक तोंड उघडं टाकून पडलं होतं.

“दर वेळी लावतोस हिला?” प्रतिभाने विचारलं.

“माजावर आली की,” भावेश म्हणाला. “हिचीच पिल्लं खपतात मामी. रंग चांगला येतो.”

सासूबाई ओल्या जमिनीवर बसल्या. फडकं सोडून त्यांनी भाकरीचा तुकडा डायनापुढे ठेवला आणि हात मागे घेतला. डायनाने हुंगलं, खाल्लं. दुसरा ठेवला, तोही खाल्ला. मग सासूबाईंनी सावकाश हात पुढे करून तिच्या पोटाजवळचं एक पिल्लू उचललं. डायनाने मान वळवली नाही. त्यांनी पिल्लू परत ठेवलं. थोडं थांबून पुन्हा उचललं. डायना भाकरीच्या फडक्याकडे बघत होती.

“गुरगुर तरी कर गं,” सासूबाई हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी नातवाला विचारलं, हिची पोरं न्यायला कधी कोणी इथवर आलं होतं का. भावेश म्हणाला, नाही, मी रस्त्यावरच नेऊन देतो.

“म्हणजे हिनं कोणाला पाहिलंच नाय.”

प्रतिभाने मग सांगायचं ते सांगितलं, वर्गात सांगते तसं, आवाज न चढवता. शेडमध्ये रोग आहे. आज एकही पिल्लू बाहेर जाता कामा नये. ते पडलेलं पिल्लू आत्ताच दवाखान्यात न्यायला हवं. सगळ्यांना लस, आयांनासुद्धा. दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. एकदा व्याली की पुढचा माज सोडून द्यायचा. डायनाला तर आता पुन्हा लावायचंच नाही.

भावेशने ऐकून घेतलं. तो उर्मट मुलगा नव्हता. भिवंडीच्या गोदामातलं काम सुटलं तेव्हा तिथल्याच एकाने त्याला हा धंदा दाखवला होता, आणि जसा दाखवला तसाच तो करत होता.

“तसं केलं तर पिल्लू महाग पडतं मामी,” तो म्हणाला. “महागाचं इथं कोण घेणार? मामानंच विचारलं होतं, घरच्या माणसाला स्वस्तात स्वस्त कितीला देशील.”

चहाला बोलवायला म्हणून प्रमिला दाराशी आली होती. पोराच्या हाताला आता कुठे काम लागलंय वहिनी, एवढं म्हणून ती पदराने कप पुसत राहिली.

डायनाला मी जव्हारला नेते, असं प्रतिभाने म्हणून पाहिलं. ही मोठी आहे, लस टोचून घेते, मग घरी आणते. भावेशने मान हलवली. तिला सोडून बाकी काहीही माग मामी.

तेव्हा सासूबाई उठल्या. गुडघ्याला लागलेला भुसा त्यांनी झटकला.

“पिल्लू नको. मी इथंच राहते.”

प्रमिलाला आधी कळलं नाही. तिची आई लेकीच्या घरी एक रात्रही राहिली नव्हती. लेकीच्या घरचं अन्न तोंडात घालायचं नाही म्हणून पाहुणी आली तरी चहावर निघायची.

“हिचं पिल्लू आपण नेलं ना? मेलं तरी नेलंच,” सासूबाई म्हणाल्या. “आता घालायला नको?” मग सुनेकडे वळून त्यांनी सांगितलं, साखरशेतच्या माझ्या नाचणीचं पोतं पाठव. हिला लेकीच्या घरचं नाय घालायचं, मलाही नको. आणि नातवाला सांगितलं, यापुढे ज्याला पिल्लू पाहिजे त्याला इथं आण, या कोपऱ्यात. भाकरी मी देईन, ती त्याने हिला घालायची. रस्त्यावर पिल्लू जायचं नाय.

भावेश शेडच्या खांबाला टेकला. “आजी, इथं येऊन बघितलं तर गिऱ्हाईक घेणार नाही.”

“मग नाय घेणार.”

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. भावेश त्यांच्याकडे बघत राहिला. आजीला हाताला धरून जीपमध्ये बसवणं त्याला जमणार नव्हतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. थोड्या वेळाने तो आत गेला, पडलेलं पिल्लू त्याने गोणपाटात घेतलं आणि मोटरसायकल काढली. दवाखाना रविवारी उघडा असतो का, असं त्याने प्रतिभाला विचारलं. तिने डॉक्टरांचा नंबर दिला.

निघताना प्रतिभाने सासूबाईंना न्हाणीचं सांगितलं. एकट्या जाऊ नका, प्रमिलाताईंना हाक मारा. त्या बरं म्हणाल्या. त्यांनी कप्प्याच्या तोंडाशी एक पाट ओढून घेतला होता आणि उरलेली भाकरी त्या बारीक कुसकरत होत्या. डायना उठून जाळीपाशी आली होती.

जीपमध्ये रिकामी टोपली प्रतिभाने मांडीवर घेतली. चपला तिने शेडबाहेरच सोडल्या होत्या. पायात प्रमिलाच्या होत्या, एक नंबर मोठ्या. रेंज आली तेव्हा तिने सरूला फोन लावला.

“घेऊ नकोस,” ती म्हणाली.

पण तुमच्याच भाच्याचं ना, असं सरू म्हणाली.

“माझ्याच भाच्याचं. विश्वास नसेल तर जाऊन बघ. पिल्लू नको बघूस, आई बघ. आमच्या सासूबाई बसल्या आहेत तिथे, त्या दाखवतील.”

सरूने फोन ठेवला, किंवा रेंज गेली.

घरी तुळशीदास दारातच उभा होता. त्याने आधी टोपलीकडे पाहिलं आणि मग तिच्या मागे, रस्त्याकडे. आई कुठेय, म्हणाला. प्रतिभाने सांगितलं, प्रमिलाताईंकडे राहिल्या. किती दिवस, त्याने विचारलं. दूध सुकेपर्यंत, ती म्हणाली, आणि त्यानंतरचं मला माहीत नाही.

तो उंबऱ्यावर बसला. रागावेल असं तिला वाटलं होतं, पण तो नुसता तिच्या पायातल्या चपलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, मीच स्वस्तात दे म्हटलं होतं त्याला.

“हो,” प्रतिभा म्हणाली. “उद्या साखरशेतला जा. नाचणीचं पोतं आणून पोशेऱ्याला पोचवायचंय.”

ती आत गेली. भाकरीच्या टोपलीत सासूबाईंची सकाळची अर्धी भाकरी तशीच होती.