बारा पाकळ्यांचं आकाश

मास्तरांनी ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या, शेवटच्या कड्यातून दोरी ओवली आणि छताच्या हुकाकडे बघत म्हणाले, "ओढा."

शाळेच्या शिपायाने दोरी ओढली. जमिनीवर पसरलेला काळ्या कापडाचा ढीग आधी उठून बसला, मग उभा राहिला, आणि बघता बघता सभागृहाच्या मधोमध घुमटासारखा तंबू तयार झाला. खालच्या कडेला बाकं लावून त्यांनी तो ताणून घेतला.

हे मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, टेलरमास्तर. शाळेत शिकवायची ती त्यांची सून. तिसरीच्या मुलांना तारे आणि आकाशगंगा शिकवायची वेळ आली, तर शहरात दिवे इतके की रात्री मान मोडेपर्यंत वर पाहिलं तरी चंद्र आणि दोन-चार चुकार ठिपके. तेव्हा सूनबाईने डोकं लढवलं. जाड काळ्या कापडाचा तंबू, ताऱ्यांच्या जागी भोकं, आत मुलं आणि बाहेर उंच खिडक्यांतून येणारं भर दुपारचं ऊन. बारा पाकळ्यांचे बारा कागद तिने ठिपके काढून सासऱ्यांच्या हातात ठेवले. मास्तरांनी तीन आठवडे दुकानाचं निम्मं दार लावून घेतलं आणि आकाश शिवलं.

चार वर्षांत त्यांच्याकडे आलेलं हे पहिलं नवं काम. एरवी पँट आखूड करा, चेन बदला, एवढंच. त्यातही दोन महिन्यांपूर्वी एका पँटचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड झाला. गिऱ्हाईक भला माणूस, तो हसला. मुलगा हसला नाही.

"बाबा, आता पुरे," तो म्हणाला होता. "डोळ्यांना किती ताण द्यायचा? मशीन घ्यायला एक जण तयार आहे."

मुलगा काळजीपोटी बोलत होता, म्हणून मास्तरांना ते जास्तच लागलं. शेवटी त्यांनीच अट घातली. एवढा तंबू शिवतो, त्यात चूक निघाली तर तुझ्या माणसाला खुशाल बोलाव.

बाहेर व्हरांड्यात तिसरीचा वर्ग रांगेत उभा राहिला. रांग म्हणायची ती सूनबाईच्या समाधानासाठी. कोणाला अचानक शू लागली होती, कोणाला आत भूत नाही हे आधी लेखी हवं होतं. एकेक करून वाकून वीसच्या वीस जण आत गेले. मास्तर बाहेर स्टुलावर बसले आणि त्यांनी कान कापडाला लावले.

आत आधी खुसखुस, मग चिमटे, मग सूनबाईचं "झोपून वर बघा". आणि मग वीस तोंडांतून एकदम निघालेला लांबलचक "आऽऽ".

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. लग्नाचे सूट शिवले, वकिलांचे काळे कोट शिवले, पण आपलं काम बघून असा आवाज कोणी काढला नव्हता. त्यांना फार बरं वाटलं.

"हे चार ताऱ्यांचं खोकं आणि ही तीन ताऱ्यांची शेपटी," आत सूनबाई सांगत होती. "काय नाव?"

"सप्तर्षी!"

"बाई," एक बारीक आवाज आला. "हे उलटं आहे."

आवाज पुढचे दोन दात पडलेल्या मुलीचा होता. वर्गात तिला सगळे वकीलबाई म्हणत, कारण ती कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य करत नसे.

"मी वहीत रंगवलं तेव्हा खोकं खाली ठेवलं की शेपटी डाव्या हाताला येत होती," वकीलबाई म्हणाली. "इथे उजव्या हाताला येते."

"तू उलटी झोपली असशील," कोणीतरी म्हणालं.

मग सगळेच फिरून बघू लागले. डोकी तिथे पाय आले, पाय तिथे डोकी आली, एकाची चप्पल दुसऱ्याच्या नाकावर बसली. तंबू आतून ढवळल्यासारखा हलत होता. पण कसंही झोपा, शेपटी काही डावीकडे जाईना. हळूहळू धांदल थांबली. सूनबाई काहीच बोलत नव्हती, आणि ती का बोलत नाही हे बाहेर बसलेल्या माणसाला बरोबर कळलं.

गेले डोळे, मास्तरांच्या मनात आलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग तंबूच्या कापडावर हात ठेवला. हाताला शिवण लागली, तिच्या शेजारी खडूची फिकट रेघ लागली, आणि ते तसेच थांबले.

शिंपी खुणा नेहमी कापडाच्या उलट्या बाजूला करतो, सुलटी बाजू स्वच्छ राहावी म्हणून. मास्तरांनीही बारा पाकळ्या उलट्या टाकून त्यांवर कागद ठेवले होते आणि ठिपके उतरवून घेतले होते. मग विचार केला होता की मुलं आत बसणार, म्हणजे गिऱ्हाईक आत. तेव्हा कापडाची चांगली बाजू आत, शिवणी बाहेर. ठिपके एका बाजूने उतरवले आणि बघायला दिले दुसऱ्या बाजूने. मग सप्तर्षी तरी काय करतील बिचारे?

चूक डोळ्यांची नव्हती, तर एक्केचाळीस वर्षांच्या सवयीची होती. मास्तरांना हसू फुटलं.

सूनबाई वाकून बाहेर आली. तिचा चेहरा पडला होता.

"बाबा, माझंच चुकलं. मी नीट सांगायला हवं होतं. चालेल तसं, मुलांना मी समजावते."

"काय समजावणार? आकाश चुकलंय म्हणून?" मास्तर उठले. "सगळ्यांना बाहेर काढ. उलटं करून टाकू. कापडच आहे ते."

"पण मग शिवणी आत येतील."

हे मात्र खरं होतं. मास्तरांच्या दुकानातून आजवर एकही कपडा असा गेला नव्हता ज्याची शिवण बघणाऱ्याला दिसेल. त्यांनी एकदा तंबूकडे पाहिलं, एकदा दारातून डोकावणाऱ्या वकीलबाईकडे.

"येऊ देत," ते म्हणाले.

दोरी सैल झाली. वीस मुलांनी कड धरली आणि मास्तर सांगतील तसं, बाही उलटी करावी तसं, आकाश उलटं केलं. शिपायाने पुन्हा दोरी ओढली. या खेपेला सूनबाईने सासऱ्यांनाही आत घेतलं. आपण शिवलेल्या तंबूत मास्तर पहिल्यांदाच बसत होते. मांडी घालताना गुडघे कुरकुरले, शेजारच्या मुलाने त्यांना सरकून जागा दिली.

शेपटी डावीकडे होती. वकीलबाईने ती नीट तपासली आणि मान हलवली.

मग सूनबाईने बॅटरीच्या उजेडात एक मोठं चित्र धरलं. मधे फुगीर, भोवती पिळाच्या फांद्या.

"ही आपली आकाशगंगा. आपण, सूर्य, आणि वर दिसतात ते सगळे तारे हिच्यातच आहेत. असे अब्जावधी तारे मिळून ही एक आकाशगंगा. आणि अशा आकाशगंगाही कितीतरी आहेत."

"फोटो कोणी काढला?" वकीलबाईने विचारलं.

"हा फोटो नाही, चित्र आहे. हिच्याबाहेर अजून कोणी गेलेलं नाही."

"मग ती अशी दिसते हे कसं कळलं?"

"ताऱ्यांची अंतरं मोजून..." सूनबाईने सुरुवात केली. अंतरं, मोजमापं, दुर्बिणी. दुसऱ्या मिनिटाला तीन मुलं चपलांचे पट्टे काढू-लावू लागली.

मास्तर खाकरले. "जरा बॅटरी बंद कर," असं म्हणून त्यांनी आपली पिशवी पुढे ओढली. परतताना एका गिऱ्हाइकाकडे द्यायचा कोट तिच्यात होता, कामातले सगळे कपडे असतात तसा उलटा करून घडी घातलेला.

"हा हातोहात फिरवा. बघायचं नाही, चाचपायचं. आणि मला सांगा, कोट कोणाचा आहे."

अंधारात कोट फिरू लागला.

"बाप रे, केवढा मोठा माणूस आहे."

"आत चोरखिसा आहे. मला सापडला."

"इथे जाड शिवण आहे. फाटला होता का?"

"कोपराला," मास्तर म्हणाले. "दोनदा."

कोट वकीलबाईकडे आला. तिने बराच वेळ लावला. शेजारचे कंटाळून कोपराने ढोसू लागले तरी तिने सोडला नाही.

"याच्या एका खांद्यात गादी जास्त आहे," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे त्यांचा तो खांदा खाली आहे."

मास्तर तिच्या बाजूला वळले. ती गादी त्यांनी अशी बेमालूम बसवली होती की कोटाच्या मालकालाही पत्ता नव्हता.

"टपालवाले आहेत ते," ते म्हणाले. "सगळी नोकरी एकाच खांद्यावर थैली घेऊन केली. तू पाहिलंयस त्यांना?"

"नाही."

"कोट बाहेरून पाहिलास?"

"नाही."

"मग कसं कळलं?"

वर भोकांतून ऊन झिरपत होतं. मग वकीलबाई हळूच म्हणाली, "म्हणजे आपण आकाशगंगेच्या कोटाच्या आत बसलोय. आणि शिवणी चाचपतोय."

"तसंच काहीसं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी अंधारात सुनेकडे पाहिलं. "ना गं?"

"हो बाबा," ती म्हणाली.

संध्याकाळी मुलगा कामावरून परस्पर दुकानात आला. मशीनवर आच्छादन नव्हतं. मास्तर जमिनीवर कागद पसरून ओणवे झाले होते आणि सूनबाई समोर बसून आकडे सांगत होती.

"तंबूचं काय झालं?" त्याने विचारलं.

"चूक निघाली," मास्तर म्हणाले. "उलटा शिवला होता."

मुलाने बायकोकडे पाहिलं. ती खाली बघून हसत होती.

"मग त्या माणसाला उद्या बोलावू?" त्याने जपून विचारलं.

"उद्या कसा बोलावतोस? मशीन लागणार आहे." मास्तरांनी खडूने एक रेघ मारली. "पृथ्वीच्या खालच्या अंगाने जे आकाश दिसतं ना, ते राहिलंय. त्यालाही बारा पाकळ्या लागतील."

"बाबा, ते इथून दिसतसुद्धा नाही."

"नाही दिसत. म्हणूनच मुलांनी मागितलंय." मास्तरांनी टेपचं एक टोक मुलापुढे केलं. "उभा का राहिलास? हे धर आणि त्या भिंतीपर्यंत जा."

मुलाने खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि टेपचं टोक धरून भिंतीकडे गेला.