वाळूत न मुरलेली नळी

माझ्या नवऱ्याला, मेलेन्सियोला, दोन गोष्टींचा भारी तोरा: स्वतःचे कान आणि आमच्या चर्चमधला ऑर्गन. कान त्याचे आहेत, ऑर्गन गावाचा आहे. हा फरक त्याला आमच्या लग्नाआधीपासून कळत नाही.

ऑर्गन बांबूचा. स्पॅनिश लोकांच्या अमलात कुणा एका पाद्रीने गावकऱ्यांना हाताशी धरून केलेला. भूकंपात पडला, वादळात भिजला, लढाईत त्याच्या आडोशाला माणसं लपली, तरी नळ्या अजून गातात. त्याची देखभाल मेलेन्सियोचा बाप करायचा, आता हा करतो. रविवारी वाजवतोही हाच.

नळ्या टिकल्या त्या वाळूमुळे. बांबू कोरड्या दिवसांत तोडायचा आणि समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवायचा. अख्खा पावसाळा त्याच्यावरून जाऊ द्यायचा. खारं पाणी आत मुरतं, बांबूतला गोडवा मरतो, मग बुकबोक त्याला तोंड लावत नाही. बुकबोक म्हणजे बांबूला आतून पोखरणारी कीड. बाहेरून काही दिसत नाही, नुसतं खाली पीठ पडत राहतं. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे सांगेल.

गेल्या वर्षी दर्शनी रांगेतली मधली नळी तडकली. मेलेन्सियोने नवा बांबू तोडून वाळूत पुरला. इथवर सगळं रीतसर. मग बातमी आली, की त्या वर्षीच्या उत्सवाला मनिलाहून एक मोठे वादक येणार आहेत. उत्सव ऐन पावसाळ्यात. झालं, हा कुदळ घेऊन निघाला.

"अरे, अजून निम्मा पाऊस बाकी आहे," मी म्हटलं.

"पुरे मुरलाय. मी वाजवून बघितला."

"बांबू म्हणजे काय कलिंगड आहे, टिचकी मारून कळायला?"

"इदांग, तू भात बघ. एवढा मोठा माणूस येणार आणि मधलीच नळी मुकी? लोक काय म्हणतील?"

लोक काही वाईट म्हणाले नाहीत. वादक वाजवून उठले, त्यांनी मेलेन्सियोच्या पाठीवर थाप मारली, सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. नंतर अंगणात भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी पहिल्यांदा आमच्या ताटात पडली. मी नवा झगा घालून अगदी पुढे उभी होते, सगळ्यांना दिसेल अशी.

आता चोलेंगचं सांगते. चोलेंग माझ्याहून वयाने मोठी, आमच्या थोरलीची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी पोरगी तिच्याच हातात होती. ती नारळीच्या कोवळ्या झावळीचे तुरे विणते. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या सणाला, सगळं गाव ते विकत घेतं आणि फादरांकडून त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतं. चोलेंगचे सगळ्यात देखणे तुरे ऑर्गनपुढच्या सज्ज्याच्या कठड्याला बांधतात. ते तिथे वर्षभर वाळतात. पुढच्या वर्षी उपासाचा काळ सुरू व्हायच्या आधी ते काढून जाळतात आणि ती राख राखेच्या बुधवारी आमच्या कपाळाला लागते.

यंदा तुरे काढायला गेलेल्या माणसाला कठड्याखाली पीठ सापडलं. पिवळसर, बारीक, मक्याच्या पिठासारखं.

आमचे फादर देल्फिन नवे. माणूस भला, पण ऑर्गनच्या काळजीने अर्धा झालेला. वर नळ्या, खाली पीठ, मध्ये सुकलेल्या झावळ्या. त्यांनी गणित मांडलं आणि राखेच्या बुधवारी वेदीवरून सांगून टाकलं, "सज्ज्यात यापुढे झावळी चालणार नाही. कीड कुणाच्या तुऱ्यांतून आली ते आपल्याला ठाऊक आहे. मी नाव घेत नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती. सगळ्या माना चोलेंगकडे वळल्या. ती दुसऱ्या बाकावर होती, कपाळावर तिच्याच तुऱ्यांची राख.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. मी कॉफी ठेवली.

"मेलेन्सियो, तू तरी सांग ना फादरना," ती म्हणाली. "वाळल्या झावळीत कीड काय खाणार? तुझं ते ऐकतील. माझं कोण ऐकतंय?"

"बघतो," मेलेन्सियो म्हणाला. तो कपात बघत होता. मी चुलीकडे बघत होते.

ती गेल्यावर तो दिवा घेऊन चर्चमध्ये गेला आणि लगेच परत आला. मला विचारावंही लागलं नाही. त्याच्या शर्टाच्या बाहीला ते पीठ लागलं होतं.

"ती नवी नळी ना?"

"तिच्या पायाशी भोकं आहेत. शेजारच्यांना अजून काही नाही."

"मग काढ उद्याच."

"दर्शनी रांग आहे, इदांग. पुढचा दात पडल्यासारखी फट दिसेल. सगळे विचारतील."

"विचारू देत!"

त्यानंतर त्याचं जेवण सुटलं. ऑर्गन वाजवताना तो त्या नळीचा सूर चुकवायला लागला, कुणाला कळू नये असा, आडून आडून. मला कळायचं. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा, आणि त्या दोन्हींमध्ये माझा स्वयंपाक करपायचा.

मग एका शनिवारी तो उड्या मारत घरी आला. लसणाचा भात मागून घेतला, खारवलेला मासा मागितला, बोटं चाटली.

"सांगितलं एकदाचं," तो म्हणाला.

"चोलेंगला?"

"फादरना. कबुलीत. सगळं सांगितलं, नळीचं, वाळूचं, चोलेंगचं. आता बघ, फादर सगळं मार्गी लावतील."

माझ्या हातातला डाव खाली पडला.

"गाढवा! कबुलीत सांगितलंस?"

"मग? पाप होतं, पापासारखं सांगितलं."

"अरे, कबुलीच्या जाळीमागे ऐकलेलं फादरना कुठे बोलता येतं का? मान कापली तरी नाही. चोलेंगचं नाव ते आता साफ करू शकत नाहीत, त्या नळीला हातही लावू शकत नाहीत. गावात एकच माणूस काही करू शकत होता आणि तू त्याच्याच तोंडाला कुलूप घालून आलास!"

त्याने उचललेला घास परत ताटात ठेवला. जन्मल्यापासून कॅथलिक असलेला माणूस! पण ओझं उतरवायच्या घाईत ते कुणाच्या खांद्यावर टाकतोय, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"प्रायश्चित्त काय दिलं?" मी विचारलं.

"म्हणाले, नळी काढ. तिला जाऊन सांग."

"मग जा."

"जाईन," तो म्हणाला.

गेला नाही. आज चोलेंगकडे पाहुणे आहेत, उद्या तिचे गुडघे दुखतायत, परवा आणखी काही. तेवढ्यात फादरनी आधीच बोलावून ठेवलेला फवारणीवाला आला, त्याने फक्त कठडा औषधाने धुऊन काढला आणि निघून गेला. फादर देल्फिन खाली उभे राहून वर बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "यंदा उकाडा फार आहे, नाही?" दर रविवारी मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की ते त्याच जागी उभे राहायचे आणि माझ्याशी उकाड्याबद्दल बोलायचे. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला वाटायचं, यांच्या पायावर पडावं. मी पण उकाड्याबद्दलच बोलायचे.

आणि पीठ वाढत होतं. मेलेन्सियो ते रोज पहाटे झाडून टाकायचा.

झावळ्यांचा रविवार उजाडला. चर्चच्या अंगणात चोलेंग नेहमीच्या जागी बसली होती, पुढ्यात टोपली भरून तुरे. लोक तिला वळसा घालून पलीकडे जात होते. तिथे बाहेरगावची एक बाई ओबडधोबड तुरे विकत होती आणि तिच्याभोवती झुंबड होती. आमच्या गल्लीतली माणसंसुद्धा तिथेच.

आम्ही दोघं चोलेंगसमोर थांबलो. मेलेन्सियोने ओठ हलवले. आता बोलेल, मला वाटलं.

तीच आधी बोलली. टोपलीतून तिने सगळ्यात मोठा तुरा काढला आणि त्याच्या हातात दिला.

"घे. तू हातात धरलास की लोक घेतील. ऑर्गनवाल्याच्या हातात आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?"

त्याने तो घेतला. "आलिंग चोलेंग..." थोरल्या बाईला आदराने हाक मारतात तसं, एवढंच म्हणाला आणि पाठ फिरवून जिना चढला.

अंगणात पाणी शिंपडून झालं, मिरवणूक गात गात दारातून आत आली. दारात पाऊल पडलं की ऑर्गनने सूर उचलायचा, ही रीत. सूर आला नाही. गाणं ढेपाळलं, मग थांबलं. सगळ्यांनी वर बघितलं.

मेलेन्सियो कठड्याला तो तुरा बांधत होता. गाठ बसायला वेळ लागला.

"कीड हिच्या झावळीतून आलेली नाही," तो वरून म्हणाला. "माझ्या नळीतून आली. मी बांबू वाळूत पुरता मुरू दिला नाही. उत्सवात मिरवायचं होतं म्हणून. चोलेंगची काही चूक नाही."

कुणी शिव्या घालणार, कुणी ओरडणार, त्याआधी फादर देल्फिननी विचारलं, "कोणती नळी?" मिसेच्या वेळी माणूस इतक्या मोठ्याने बोलत नाही. तो प्रश्न त्यांनी इतके आठवडे दाताखाली धरून ठेवला होता, हे माझ्याशिवाय कुणाला कळलं नसेल.

"मधली, फादर."

"आणि शेजारच्या?"

"तुम्हाला सांगितलं तेव्हा एकच होती," मेलेन्सियो म्हणाला. "आता किती ते मला माहीत नाही."

फादर तिथेच बाकावर बसले. रडत होते की सुटका झाल्याचा श्वास घेत होते, कोण जाणे. लोकांत गलका सुरू झाला. दोघं तिघं जिन्याकडे धावले.

चोलेंग दारात उभी होती. मला वाटलं, ती वर माझ्या नवऱ्याकडे बघेल, त्याला काही बोलेल. तिने वर बघितलंच नाही. गर्दीतून वाट काढत ती माझ्यापाशी आली.

"तुला माहीत होतं, इदांग?"

नवऱ्याला लाज आडवी येत होती. फादरना कबुलीचं कुलूप होतं. आणि मी? रोज घरात एवढी तोंड सोडून बोलणारी बाई मी, मला कुणी अडवलं होतं?

"हो," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि टोपली उचलून ती घरी गेली. वर दर्शनी रांगेतल्या नळ्या काढायला सुरुवात झाली होती. प्रत्येक नळी उलटी केली की पीठ खाली गळत होतं.