अनोळखी स्त्री, पत्र्यावर

मी एक जुना फोटो आहे, असे माझ्याखालच्या चिठ्ठीवर दोन वर्षे लिहिलेले होते. मित्रांनो, ती चिठ्ठी चूक होती. मी जुना नाही. माझे वय अवघे अठरा वर्षे आहे. पण मला घडवणाऱ्याने दीडशे वर्षांपूर्वीच्या रीतीने घडवले, आणि इतके मन लावून घडवले की त्याचे फळ आज त्याची लेक भोगते आहे. मी नुसता बघतो.

मी कागदावरचा नाही. तळहाताएवढ्या लोखंडी पत्र्यावर आहे. मला घडवणारे फोटोग्राफर एरवी अर्जांना लावायचे फोटो काढत. ‘हनुवटी वर, डोळे उघडे’ हेच दिवसभर. रविवार मात्र त्यांचा स्वतःचा. त्या दिवशी ते पत्र्याला काळे रोगण देत, त्यावर एक चिकट द्रव ओतत, अंधारखोलीत तो पत्रा चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवत आणि ओला असतानाच लाकडी कॅमेऱ्यात बसवत. पत्रा वाळायच्या आत सगळे उरकावे लागे. त्या पाण्याने त्यांची बोटे कायम काळी असत. “अहो, त्या हातांनी ताटाला शिवू नका,” असे त्यांची बायको रोज सांगे आणि ते रोज विसरत.

माझ्यात जी बाई आहे ती हीच. ती दवाखान्यात परिचारिका होती. एका रविवारी तिला आजेसासूची शाल पांघरायला लावून खिडकीपाशी बसवले. मनगटावरचे घड्याळही काढायला लावले, कारण जुन्या फोटोत ते शोभले नसते. ते घड्याळ तिने नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात दिले आणि सांगितले, “तू मोज. आठ झाले की बाबांना सांग.” मुलगी कॅमेऱ्याला खेटून उभी राहिली आणि मोठ्याने मोजू लागली. आठ सेकंद हलायचे नव्हते, हसायचे नव्हते. बाईने तिन्ही गोष्टी पाळल्या. तिसरी म्हणजे कॅमेऱ्यात बघायचे. ती तिने जरा आपल्या मनाने पाळली. ती मुलीकडे बघत राहिली.

माझी दुसरी प्रत नाही. या रीतीत काच किंवा फिल्म मागे उरत नाही, जे काही असते ते पत्र्यावरच असते. तसेच माझ्या मालकांचा, म्हणजे त्या फोटोग्राफरचा, एक हट्ट होता. ते पत्र्यावर नाव, तारीख काही कोरत नसत. “ओरखडा काढला की तिथून गंज शिरतो,” असे ते म्हणत. सगळे काही ते लखोट्यावर लिहीत आणि तो लखोटा फ्रेमच्या पाठीमागे खोचत. मला गंजापासून वाचवले, पण कागद आणि पत्रा कधीतरी वेगळे होतील हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

बरीच वर्षे मी जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर होतो. नवे पाहुणे विचारत, “ही कुणाची पणजी?” मालक खूश होत. बाई म्हणे, “बघा, जिवंतपणीच पणजी करून टाकलंत मला.” त्या घरात फोटो ढिगाने होते. पण बाकी सगळ्या फोटोंत ती फोटोसाठी हसलेली होती. मुलगी मोठी होताना कधी रुसली, कधी आजारी पडली, की माझ्यासमोरची खुर्ची धरून बसे.

मग बाई गेली आणि दीड वर्षाने मालकही गेले. लेक तेव्हा परगावी नोकरीला होती. “मामा, मला ते घर बघवत नाही. सगळं काढून टाका,” असे तिने फोनवर सांगितले. मामा साधा माणूस. सगळे म्हणजे सगळे, असे समजून त्याने अंधारखोलीतल्या सामानासकट मलाही एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला देऊन टाकले. व्यापाऱ्याने फ्रेम उघडली, लखोटा वाचला, चुरगाळला आणि टोपलीत टाकला. मला त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी मखमली पेटीत बसवले. पाठीशी दीडशे वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्राचा तुकडा घातला. तो तुकडा अस्सल होता, पेटीही अस्सल होती. फक्त मी तिथला नव्हतो. मला तोंड आहे, पण ते त्या बाईचे आहे आणि ते मिटलेले आहे.

असा मी वस्तुसंग्रहालयात आलो. तिथल्या परीक्षक बाईंनी मला चार दिवस तपासले. चुंबक लावला, तो चिकटला. हल्लीचे हौशी लोक ॲल्युमिनियम वापरतात, तिथे चुंबक चिकटत नाही. मालकांनी हट्टाने लोखंड वापरले होते. जांभळ्या दिव्याखाली धरले, तरी नव्या रसायनाची चमक दिसली नाही, कारण रोगण त्यांनी झाडाच्या डिंकापासून घरी केले होते. “फार सुंदर काम आहे,” असे म्हणून बाईंनी ‘अस्सल’ या रकान्यात खूण केली. खोटे कशाला बोलू, मला ते कौतुक आवडले. माझ्याखाली चिठ्ठी लागली: ‘अनोळखी स्त्री, सुमारे दीडशे वर्षांपूर्वी’.

दोन वर्षांनी लेक सहज म्हणून ते प्रदर्शन बघायला आली. ती माझ्यापुढे इतका वेळ उभी राहिली की पहारेकरी जवळ आला.

“ताई, काचेला हात लावू नका.”

“ही माझी आई आहे,” ती म्हणाली.

पहारेकऱ्याने आधी चिठ्ठीकडे आणि मग तिच्याकडे बघितले. “सगळ्यांनाच कुणी ना कुणी ओळखीचं वाटतं हो इथे,” तो समजुतीने म्हणाला.

शेवटी परीक्षक बाईंना बोलावले. लेकीने घरातले दुसरे फोटो आणून दाखवले. बाई नम्रपणे म्हणाल्या, “चेहऱ्यात चेहरे मिळतात. तुमच्या पणजीही असतील.” तेव्हा लेक म्हणाली, “तिनं घड्याळ काढलं होतं. माझ्या हातात होतं ते. मनगट बघा.”

बाईंनी भिंग लावले. या रीतीत उन्हाने रापलेली कातडी आणखी काळी उठते आणि झाकलेली गोरी राहते. परिचारिकेच्या मनगटावर गोरा पट्टा होता आणि पट्ट्याच्या मध्ये घड्याळाच्या तबकडीएवढा गोल गोरा डाग. दीडशे वर्षांपूर्वी मनगटावर घड्याळ कोण बांधत होते? बाईंनी भिंग खाली ठेवले. “मी याला कड्याचा वळ समजले होते,” त्या म्हणाल्या. “चूक माझी आहे.”

मला वाटले, सुटलो. लेकीलाही तसेच वाटले असावे. मला गुंडाळायला ती पिशवीतून मऊ कापड काढू लागली. मित्रांनो, तिथेच तर आमची इकडे आड तिकडे विहीर झाली. मी जुना ठरलो तर माझ्यातली बाई अनोळखी. मी नवा ठरलो तर मी बनावट. नोंदवहीत दोनच रकाने होते, अस्सल आणि बनावट. ‘अठरा वर्षांपूर्वी एका नवऱ्याने रविवारी काढला’ असा रकाना कुणी आखलेला नव्हता.

“मग मी घेऊन जाऊ ना?” लेकीने विचारले.

“नाही देता येणार,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “बनावट ठरलेली वस्तू आम्ही बाहेर सोडत नाही. पुन्हा कुणी अस्सल म्हणून विकेल. नियम आहे, आणि नियम चांगला आहे.”

“पण बाबांनी कुणाला फसवलं नव्हतं.”

“मला माहीत आहे.”

“आणि घालवला मीच. मीच मामाला सांगितलं होतं.”

परीक्षक बाईंनी वरिष्ठांना तीन पत्रे लिहिली. तिन्हींचे उत्तर एकच आले. मग त्यांनी लेकीला माझी कागदी प्रत काढून दिली. लेकीने ती घेतली, आभारही मानले. पण कागदावर माझी चांदी उतरत नाही, आणि त्या डोळ्यांतला ओलावा चांदीचा आहे.

आता मी तळघरातल्या खणात असतो. ज्यांना बनावट वस्तू ओळखायला शिकायचे असते त्यांच्यापुढे मला ठेवतात. रोगण पहा, पेटी पहा, मनगट पहा. मुले हुशार असतात, वळ चटकन शोधतात आणि हसतात. मला राग येतो तो कुणाला दिसत नाही.

लेकीला महिन्यातून एकदा पंधरा मिनिटांची परवानगी आहे. पहिल्या वेळी ती खुर्ची घेऊन उजवीकडे बसली, कारण ती कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला उभी होती. आईची नजर मात्र दुसरीकडेच गेली. लेक खुर्ची सरकवत राहिली, पुढे, मागे. परीक्षक बाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “पत्र्यावर सगळं उलटं उमटतं. डावीकडे बसा.” लेक डावीकडे बसली. मग तिने घड्याळाकडे न बघता आठपर्यंत मोजले, आणि पुन्हा पहिल्यापासून.

परवा तिची वेळ संपायच्या आतच विद्यार्थी आले. तिला उठावे लागले. ती पिशवी उचलत असतानाच त्यांचे शिक्षक माझ्यावर बोट ठेवून म्हणाले, “ही बाई बघा. बनावट कशी असते त्याचा हा उत्तम नमुना.” लेक दारात थांबली. परीक्षक बाई खाली बघत होत्या.

मित्रांनो, माझ्याने काही होत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या घरात ज्यांचे फोटो आहेत त्यांची नावे आजच त्या फोटोंच्या पाठीवर लिहा, थोडा गंज लागला तरी चालेल. आणि कधी या तळघरात शिकायला आलात, तर पेटीला बनावट म्हणा, चिठ्ठीला म्हणा, हवे तर मलाही म्हणा. दारात कुणी उभे असेल, तर माझ्यातल्या बाईला मात्र म्हणू नका.